आजोबा दुसऱ्या महायुद्धात होते, त्यांचं रेकॉर्ड कुठे शोधायचं?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. आजोबा साताऱ्याकडचे, १९४२ च्या सुमारास भरती, इटलीत लढले असं आजी सांगायची, तोफेच्या आवाजाने एक कान गेला, १९४६ ला घरी आले आणि मग शेवटपर्यंत शेती. घरात दोन मेडलं आणि एक फोटो. तुम्ही बेळगावला, म्हणजे मराठा पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला, पत्र टाकलंत त्याला उत्तर नाही, लंडनला मेल केला तर त्यांनी 'आमच्याकडे नाही' म्हणून कळवलं. आता पुढे काय, असं विचारलंय. माझी नोकरी पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसात गेली आणि रिटायर झाल्यावर पण लोकांचे हेच कागद शोधून देतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, वेळ काढून वाचा.

आधी लंडनचं सांगतो कारण नव्वद टक्के लोक तिथूनच सुरुवात करतात. राज्य इंग्रजांचं होतं म्हणजे कागद पण तेच घेऊन गेले असतील असं वाटतं, पण तसं नाहीये. इंडियन आर्मीतल्या ऑफिसर लोकांच्या फाईली तिकडे आहेत, इंडिया ऑफिसच्या दप्तरात, जे ब्रिटिश लायब्ररीत आहे. पण शिपाई, नाईक, हवालदार यांची वैयक्तिक कागदपत्रं कधी समुद्र ओलांडून गेलीच नाहीत, ती ज्या त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात इथेच राहिली. त्यामुळे लंडनवाल्यांनी तुम्हाला टोलवलं नाही, खरंच सांगितलं. पैसे घेऊन पूर्वजांची माहिती देणाऱ्या परदेशी वेबसाईट आहेत त्यांच्याकडेही आपल्या शिपायांचं काही नसतं, वर्गणी भरू नका. आणि ते लाहोरच्या म्युझियममधे सापडलेले रजिस्टर, ज्याची मधे पेपरात बातमी आली होती, ते पहिल्या महायुद्धाचे आणि फक्त पंजाबचे आहेत, त्यात सातारा रत्नागिरी शोधून उपयोग नाही.

आता इथलं. प्रत्येक जवानाचं एक शीट रोल असतं, त्यात नाव, वडलांचं नाव, गाव, पोस्ट, तालुका, जवळचं रेल्वे स्टेशन, अंगावरच्या खुणा, भरतीची तारीख, कुठे कुठे पोस्टिंग झालं, जखमी झाला का, शिक्षा झाली का, सगळं. हेच तुम्हाला हवंय. पण इथे एक गोम आहे जी कोणी सांगत नाही. ज्याला पेन्शन लागली त्याचे कागद जपून ठेवतात, ज्याला पेन्शन नाही त्याचे कागद डिस्चार्जनंतर २५ वर्षं ठेवून मग नष्ट करायचे असा आर्मीचा नियमच आहे. शिपायाला पेन्शनला १५ वर्षं नोकरी लागते. युद्धात भरती झालेली आणि १९४६ ला पलटणी कमी केल्या तेव्हा घरी पाठवलेली पोरं चार-पाच वर्षांच्या नोकरीवाली, त्यांना कुठली पेन्शन. म्हणजे तुमच्या आजोबांचं शीट रोल साधारण १९७१-७२ च्या पुढे कधीतरी जाळलं असणार अशीच शक्यता जास्त. वाईट वाटतं ऐकायला पण हे आधी माहीत असलं की माणूस वर्षानुवर्षं एकाच दारावर धडका मारत बसत नाही.

पण एक गोष्ट राहते, लाँग रोल. हे मोठं रजिस्टर असतं, नंबरवारीने, एका माणसाला एक ओळ, आणि ते कायम ठेवायचं असतं. त्यात भरती कधी, सुटला कधी, का सुटला, एवढं तरी मिळतं. पण ते रजिस्टर नंबरने लावलेलं आहे, नावाने नाही. तुम्ही पत्रात 'माझे आजोबा अमुक पाटील, सातारा जिल्हा' एवढंच लिहिलं असेल तर तिथल्या क्लर्कने काय करायचं सांगा, मराठा पलटणीत एका वेळी पाटील, जाधव, शिंदे, मोरे, चव्हाण किती असतील. शिवाय त्या काळी आजच्यासारखा सगळ्या आर्मीला एक नंबर नव्हता, प्रत्येक रेजिमेंटचे आपापले नंबर, तोच आकडा मराठ्यात पण आणि सॅपर्समधे, म्हणजे सैन्याच्या इंजिनियर पलटणीत, पण असू शकतो. म्हणून नंबर आणि रेजिमेंट ही जोडी मिळाल्याशिवाय एक पण पत्र टाकू नका. आणि ती जोडी बेळगावात नाही, लंडनात तर नाहीच, तुमच्या घरात आहे.

मेडलं काढा. त्यांना चिंच, ब्रासो, कोलगेट काही लावू नका, कोरड्या कपड्याने पुसा फक्त. ब्रिटिश सैनिकांना दुसऱ्या महायुद्धाची मेडलं नाव न घालता दिली, पण इंडियन आर्मीतल्या बऱ्याच मेडलांवर नाव ठोकलेलं असतं आणि हा आपला मोठा फायदा. गोल मेडल असेल तर त्याची कड बघा, म्हणजे नाण्याची धार असते ना ती जागा. सहा टोकांचा ब्राँझचा स्टार असेल तर पाठीमागे. अक्षरं बारीक आणि घासलेली असतात, सरळ उजेडात दिसत नाहीत, अंधाऱ्या खोलीत मोबाईलचा टॉर्च मेडलच्या लेव्हलला आडवा धरा आणि हळूहळू फिरवा, सावलीत अक्षरं उठून येतात. आधी नंबर असतो, मग हुद्दा, मग नाव, मग रेजिमेंट, सगळं इंग्रजी कॅपिटलमधे आणि आखूड करून. 'सेप' म्हणजे सेपॉय, 'एनके' नाईक, 'एचएव्ही' हवालदार, 'एसपीआर' म्हणजे सॅपर. शेवटी 'महरट्टा एल.आय.' असेल तर मराठा लाइट इन्फन्ट्री, 'आर.आय.ए.एस.सी.' असेल तर सर्व्हिस कोर म्हणजे गाड्या, रसद, खेचरं. हे शेवटचं सांगतो कारण घरोघरी 'आमचे आजोबा मराठा पलटणीत' असंच सांगतात, मराठी माणूस म्हणजे मराठा पलटण हे डोक्यात बसलेलं, पण आपली हजारो माणसं ड्रायव्हर, सॅपर, पायोनियर म्हणजे मजुरीची पलटण, ऑर्डनन्स म्हणजे दारूगोळा-सामान, मेडिकल, महार रेजिमेंट, कोकणातली नेव्हीत अशी पसरली होती. तुम्ही बेळगावला पत्र टाकलंत ते पण याच समजुतीवर असणार.

आता मेडल कुठलं आहे यावरून पण बरंच कळतं. स्टार असेल तर त्यावर मधल्या गोल पट्टीवर नावच लिहिलेलं असतं. इटली स्टार असेल तर आजीचं म्हणणं खरं, ती मोहीम ११ जून १९४३ ते ८ मे १९४५ धरतात, रिबन टिकली असेल तर लाल पांढरी हिरवी, इटलीच्या झेंड्याचे रंग. आफ्रिका स्टार म्हणजे त्याआधी इजिप्त, लिबिया, एरिट्रिया वगैरे. बर्मा स्टार असेल तर मग इटलीची गोष्ट तपासून घ्यायला लागेल. गोल मेडलवर मागे सिंह असेल आणि त्याच्या पायाखाली दोन तोंडांचा ड्रॅगन तर ते वॉर मेडल, हे जवळजवळ सगळ्यांना होतं, त्यावरून काही ठरत नाही. मागे हिंदुस्थानचा नकाशा असेल तर ते इंडिया सर्व्हिस मेडल, ते तीन वर्षं हिंदुस्थानातच नोकरी केलेल्यांना दिलं. हे असेल आणि एकही स्टार नसेल तर आजोबा इटलीला गेलेच नसतील असं पण होऊ शकतं, किंवा स्टार मिळाले पण हरवले, किंवा त्यांनी क्लेम केलाच नाही. लोक हे ऐकून नाराज होतात पण देवळालीत किंवा खडकीत तीन वर्षं दारूगोळा भरणं ही पण युद्धातलीच नोकरी आहे. आणि एक, जर १९४७ चं स्वातंत्र्याचं मेडल निघालं तर आनंदाने उडी मारा, कारण त्याचा अर्थ १५ ऑगस्ट १९४७ ला ते नोकरीत होते, म्हणजे १९४६ ला घरी आले ही गोष्ट चुकीची, म्हणजे नोकरी लांबली असेल, म्हणजे पेन्शनची आणि कागद शिल्लक असण्याची शक्यता वाढली.

मेडलवर नाव नसेल तर डिस्चार्ज सर्टिफिकेट शोधा. हे बहुतेक वेळा ट्रंकेत तळाला, सातबाऱ्याच्या आणि सोसायटीच्या कागदात घडी घालून असतं, कारण त्याच्यावर नंतर नोकरी, जमीन, रॉकेल परमिट काय काय मागितलेलं असतं. त्यात परदेशातल्या नोकरीचा रकाना असतो आणि तिथे देशाचं नाव न लिहिता फोर्सचं आखूड नाव टाकलेलं असतं. 'एमईएफ' म्हणजे मिडल ईस्ट फोर्स, इजिप्त-लिबियाकडे. 'पायफोर्स' म्हणजे इराक इराण. 'सीएमएफ' म्हणजे सेंट्रल मेडिटरेनियन, तेच तुमचं इटली. 'सीएमएफ' आणि पुढे दोन तारखा एवढं मिळालं तरी आजोबा बोटीत कधी चढले आणि कधी उतरले ते कळलं.

तुमच्या केसमधे मला कानाची गोष्ट फार महत्त्वाची वाटते. कान युद्धात गेला असेल तर मेडिकल बोर्ड झालं असण्याची शक्यता आहे आणि थोडीफार का होईना अपंगत्वाची पेन्शन लागली असण्याची पण. आजीला विचारा, त्या नसतील तर आत्याला किंवा मोठ्या काकांना विचारा की आजोबा दर महिन्याला किंवा वर्षातून ठरावीक वेळेला पोस्टात, ट्रेझरीत पैसे आणायला जायचे का. जुनं पासबुक, पीपीओ म्हणजे पेन्शनच्या ऑर्डरचा नंबर, कुठलाही कागद. पेन्शनचा धागा मिळाला तर सगळं चित्रच बदलतं कारण मग फाईल रेकॉर्ड ऑफिसात आणि पेन्शनची बाजू प्रयागराजच्या पीसीडीएत म्हणजे सैन्याच्या पेन्शनचा हिशेब ठेवणाऱ्या ऑफिसात, दोन ठिकाणी असते. आणि साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एकदा प्रत्यक्ष जाऊन या. फोन नको, जाऊन या. दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्य सरकार मानधन देतं, त्यासाठी अर्ज केलेला असेल तर त्या फायलीत डिस्चार्जची नक्कल लावलेली असते. घरातली हरवली पण सरकारी फायलीतली नक्कल सापडली असं कितीतरी वेळा झालंय.

फोटोबद्दल लिहिलंय पण पाठवला नाहीत. खांद्यावरचं चिन्ह झूम करून बघा. पसरलेल्या पंखांचा गरुड असेल तर चौथी इंडियन डिव्हिजन, तीन पानांची तिपानी असेल तर आठवी. दोन्ही इटलीत होत्या. खांद्याच्या पट्टीवर पितळी अक्षरं असतात ती पण वाचा. फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का असतो, कैरोचा वगैरे निघतो कधी कधी. फोटो फ्रेममधून काढताना चिकटला असेल तर ओढू नका, एखाद्या जुन्या फोटोवाल्याकडे न्या.

समजा नंबर मिळाला. मग पत्र कुठे टाकायचं ते रेजिमेंटवर. मराठा असेल तर बेळगाव. महार रेजिमेंट आज मध्य प्रदेशात सागरला आहे. बॉम्बे सॅपर्स म्हणजे आताचा बॉम्बे इंजिनियर ग्रुप, खडकी. तोफखाना नाशिक रोड, सिग्नल जबलपूर, ऑर्डनन्स सिकंदराबाद, सर्व्हिस कोर आणि पायोनियर बंगळूर. नेव्हीवाल्यांसाठी ब्युरो ऑफ सेलर्स, मुंबईत मानखुर्दला. आणि घरी कोणी म्हणत असेल की आजोबा कोल्हापूर महाराजांच्या फौजेत होते तर ती संस्थानी फौज, राजाराम रायफल्स, त्यासाठी कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात विचारा.

पहिलं पत्र साधं टाका, स्पीड पोस्टाने, ऑफिसर-इन-चार्ज रेकॉर्ड्सच्या नावाने. एका पानात. नंबर, हुद्दा, नाव, वडलांचं नाव, त्या वेळचा जिल्हा आणि तालुका, भरतीचं आणि सुटल्याचं साधारण वर्ष. त्या वेळचा जिल्हा म्हणतोय मी, आजचा नाही. आज सिंधुदुर्गात असलेलं गाव कागदावर रत्नागिरी किंवा सावंतवाडी संस्थान असेल, रायगडचं कुलाबा असेल, साताऱ्याकडची पण काही गावं फलटण, औंध संस्थानात होती. सोबत मृत्यूचा दाखला, तुमचं नातं दाखवणारा कागद, मेडलच्या कडेचे फोटो. मागणी स्पष्ट लिहा, 'शीट रोल उपलब्ध नसल्यास लाँग रोलमधील नोंदीचा उतारा मिळावा' हे वाक्य अस्संच लिहा. हे वाक्य नसलं की 'कागदपत्रे नियमानुसार नष्ट' असं छापील उत्तर येतं आणि प्रकरण बंद. दोन-तीन महिने थांबून उत्तर नाही आलं तर मग आरटीआय, १० रुपयांची पोस्टल ऑर्डर, त्यात पण तोच प्रश्न. लोक आधीच आरटीआय ठोकतात, मला विचाराल तर ती घाई बरी नाही, साध्या पत्रावर एखादा चांगला क्लर्क रजिस्टर उघडून बसतो, आरटीआयवर तो विचारलं तेवढंच लिहितो. पैसे घेऊन 'आतून' कागद काढून देतो म्हणणारे एजंट आहेत, त्यांच्या नादी लागू नका.

नावाचं स्पेलिंग हा स्वतंत्र वैताग आहे. भरतीच्या वेळी क्लर्कला जे ऐकू आलं ते त्याने लिहिलं आणि ते जन्मभर चिकटलं. जाधवचं जाधाव, जादव. पवारचं पोवार, पुआर. चव्हाणचं चवान, चोवान. 'शिंदे'चे तर मी इतके प्रकार पाहिलेत की मोजायचं सोडलं. कधी आडनावच नाही, नुसतं नाव आणि वडलांचं नाव. म्हणून शोधताना आडनावावर अडून बसू नका, गाव आणि वडलांचं नाव जुळतंय का बघा. वयाचं तर विचारूच नका, सतराचा पोरगा अठराचा सांगायचा आणि जन्मतारीख कोणालाच माहीत नसायची, त्यामुळे कागदावरचं वय दोन-तीन वर्षांनी इकडे तिकडे असेल तर 'हे आपले आजोबा नव्हेत' असं म्हणू नका.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची वेबसाईट तुम्ही बघितलीत आणि नाव सापडलं नाही म्हणून घाबरलात असं दिसतंय. अहो ते फक्त नोकरीत असताना मेलेल्यांचं आहे, दुसऱ्या युद्धासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळातलं. आजोबा जिवंत परत आले म्हणून नाव नाही, चांगलंच आहे ना. पण ज्यांच्या घरातला माणूस परतलाच नाही त्यांच्यासाठी ती साईट सोन्यासारखी आहे, फुकट आहे, आणि पुष्कळदा आई-वडलांचं किंवा बायकोचं नाव आणि गाव पण दिलेलं असतं. आपल्या हिंदू सैनिकांना तिकडे दहन दिलं म्हणून त्यांची कबर शोधू नका, नाव क्रिमेशन मेमोरियलवर असतं, आणि ज्यांचा पत्ताच लागला नाही त्यांचं मोठ्या मेमोरियलवर. व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे इंग्रजांचं सगळ्यात मोठं शौर्यपदक, मिळालेले नाईक यशवंत घाडगे, ज्यांचा माणगावला पुतळा आहे, ते १० जुलै १९४४ ला इटलीत पडले, त्यांची पण कुठे समाधी नाही, नाव कॅसिनो मेमोरियलवर आहे.

बरं, लाँग रोलची एक ओळ मिळाली. भरती अमुक, डिस्चार्ज तमुक, बटालियन अमुक. मग आजोबा करत काय होते हे कुठे मिळणार? इथून पुढे माणूस सोडून पलटणीच्या मागे लागायचं. मराठ्यांच्या इटलीत एकापेक्षा जास्त बटालियन होत्या आणि त्यांचे रस्ते वेगळे. पहिली बटालियन आठव्या डिव्हिजनमधे, १९४३ च्या शेवटी सांग्रो नदी, मे १९४४ ला कॅसिनो गावाखालची नदी ओलांडणं, आणि ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर, जिथे नामदेव जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तिसरी बटालियन दहाव्या डिव्हिजनमधे, वरच्या टायबर नदीच्या डोंगरात, घाडगे त्या बटालियनचे. म्हणून 'मराठा लाइट इन्फन्ट्री' एवढं पुरत नाही, बटालियन नंबर लागतो. तो मिळाला की त्या बटालियनची वॉर डायरी मागवायची. ही रोजची नोंदवही, आज कुठे मुक्काम, कोणत्या टेकडीवर हल्ला, किती पडले किती जखमी, पाऊस किती, खेचरं वर चढली की नाही. इटलीच्या डायऱ्या लंडनजवळ क्यूला नॅशनल आर्काइव्ह्जमधे डब्ल्यूओ १७० या मालिकेत आहेत, मिडल ईस्टच्या १६९, बर्माकडच्या १७२. बऱ्याचशा ऑनलाईन नाहीत, पैसे भरून कॉपी मागवायला लागते, तिकडे कोणी नातेवाईक असेल तर तो जाऊन मोबाईलने फोटो काढू शकतो, परवानगी असते. दिल्लीत संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाकडे पण डायऱ्या आहेत. शिपायाचं नाव त्यात सहसा येत नाही हे आधीच सांगतो, ऑफिसरची नावं येतात, आपले लोक 'ओ.आर.' म्हणजे अदर रँक्स, आकड्यात. कधीमधी मागे जोडपत्रात यादी असते. पण ज्या दिवशी ओळीत 'आठ जखमी' लिहिलंय आणि आजोबांचं मेडिकल बोर्ड दोन महिन्यांनी झालंय, तिथे तुमचं तुम्हाला कळतं.

शौर्यपदक मिळालं असेल तर मात्र नाव सापडतं, लंडन गॅझेट म्हणजे ब्रिटिश सरकारचं राजपत्र फुकट शोधता येतं आणि शिफारशीचे कागद क्यूलाच डब्ल्यूओ ३७३ मधे आहेत, नेमकं काय केलं ते अर्ध्या पानात लिहिलेलं असतं.

आजोबा पकडले गेले होते असं कोणी घरात म्हणतं का ते पण विचारा. २१ जून १९४२ ला लिबियातलं तोब्रुक शत्रूच्या हातात पडलं तेव्हा मराठ्यांची दुसरी बटालियन अख्खी कैदेत गेली, इटलीच्या छावण्यांत. 'आजोबा इटलीत होते' या वाक्याचा अर्थ कधी कधी लढायला नाही तर कैदेत असा निघतो. तुमचे आजोबा १९४२ चे रिक्रूट असतील तर हे बसत नाही, पण भरती १९४० ची निघाली तर बसतं. तसं असेल तर जिनिव्हाला रेड क्रॉसच्या आर्काइव्ह्जकडे अर्ज करता येतो, वर्षातून ठरावीक वेळाच घेतात, लक्ष ठेवायला लागतं. आणि 'नेताजींबरोबर होते' असं कोणी सांगत असेल तर आझाद हिंद सेनेचे कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, अभिलेख पटल नावाच्या साईटवर बरेच स्कॅन झालेत, तिथे नाव टाकून बघायला काही पैसे पडत नाहीत.

ज्यांचे पणजोबा पहिल्या युद्धातले आहेत त्यांनी एवढंच लक्षात ठेवा की १९२२ ला पलटणींचे नंबर बदलले, १०३ मराठा ती पहिली बटालियन झाली, १०५ ती दुसरी, ११० ती तिसरी, ११६ चौथी, ११७ पाचवी. इराकमधे कुट या गावी वेढ्यात अडकलेल्या मराठा पलटणी म्हणजे १०३, ११० आणि ११७. आजच्या नंबराने शोधाल तर भलत्याच पलटणीत शिराल.

तर ताई, तुम्ही आधी त्या दोन मेडलांच्या कडेचे आणि पाठीचे फोटो टाका, टॉर्च आडवा धरून, प्रत्येकाचे चार-पाच, थोडं थोडं फिरवत. अक्षरं अर्धवट दिसली तरी चालतील, पहिले दोन आकडे आणि शेवटची रेजिमेंट आली तरी पुष्कळ. आणि आत्यांना ते पेन्शनचं आजच विचारा, त्यांचं वय झालंय म्हणालात.